वळणात नाक बाहेर जातं? फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचं सस्पेन्शन कुठून आणि कसं सुधारायचं

पोलादपूर मागे टाकून आंबेनळी घाट चढायला लागलं की पहिल्याच घट्ट वळणात गाडी आपला स्वभाव दाखवते. स्टिअरिंग वळवलेलं असतं, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय असतो, आणि नाक वळणाच्या आत यायचं सोडून हळूहळू बाहेरच्या कठड्याकडे सरकत असतं. स्टिअरिंग आणखी वळवलं तर पुढचे टायर किरकिरतात, पण नाक काही आत येत नाही. याला अंडरस्टिअर म्हणतात. स्विफ्ट, आय ट्वेंटी, पोलो, टियागो अशा आपल्याकडच्या जवळपास सगळ्या हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात, त्यामुळे हा अनुभव बहुतेकांना कधी ना कधी आलेला असतो.

माझ्याकडे बरीच वर्षं स्विफ्ट आहे. तिचं सस्पेन्शन सुधारायला मी घेतलं तेव्हा उलट्या टोकापासून सुरुवात केली. आधी स्प्रिंगा बदलून गाडी खाली घेतली. दिसायला ती देखणी झाली, पण घाटात नाक पूर्वीपेक्षा जास्त बाहेर जायला लागलं. असं का झालं ते समजून घेताना जो क्रम हाती लागला, तोच इथे देतो आहे. या क्रमाने गेलात तर निम्म्या वाटेवरच गाडी मनासारखी वळायला लागते आणि पुढचा खर्च वाचतो.

नाक बाहेर का जातं

या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल हे सगळं पुढच्या चाकांच्या आसपास असतं. गाडीचं साधारण साठ टक्के किंवा त्याहूनही जास्त वजन पुढच्या दोन टायरवर येतं. तेच टायर गाडी ओढतात, तेच वळवतात आणि ब्रेकचं बहुतेक कामही तेच करतात. टायरकडे पकड ठरावीकच असते. ओढण्यात जेवढी खर्ची पडली, तेवढी वळवायला कमी उरते.

दुसरं कारण वजन सरकण्याचं. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं ते चार गोष्टींवर ठरतं: गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधली रुंदी. एक हिशेब करून बघा. गाडी १००० किलोची, वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५२ सेंटिमीटरवर आणि चाकांमधली रुंदी १४८ सेंटिमीटर. १००० × ०.७ × ५२ ÷ १४८ म्हणजे सुमारे २४६ किलो वजन आतून बाहेर गेलं. आता गाडी २५ मिलिमीटर खाली घ्या. आकडा २३४ वर येतो. फरक पाच टक्क्यांचा.

या सूत्रात स्प्रिंगचा कडकपणा कुठेच नाही. स्प्रिंग कडक केली, बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारी दांडी) जाड केला, तरी एकूण वजन जवळपास तेवढंच सरकतं. बदलते ती वाटणी, म्हणजे त्या २४६ किलोंपैकी किती पुढच्या जोडीत सरकलं आणि किती मागच्या जोडीत. सगळी गंमत या वाटणीत आहे, कारण टायरवर दुप्पट वजन टाकलं म्हणून तो दुप्पट पकड देत नाही. समजा, टायरवर ३०० किलो असताना तो २८५ किलोची पकड देतो. दोन्ही पुढच्या टायरवर ३००-३०० असतील तर एकूण पकड ५७०. तेच वजन ४५० आणि १५० असं विभागलं गेलं, तर बाहेरचा टायर समजा ४०५ देईल आणि आतला १५०. बेरीज ५५५. वजन तेवढंच राहिलं, पकड घटली. पुढच्या जोडीत वजन जितकं कमी सरकेल, तितकं नाक आत येईल.

तिसरं कारण पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटची, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात असलेल्या सस्पेन्शनची, घडण. गाडी वळणात कलली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेरच्या बाजूला कलतं आणि टायर रस्त्यावर सपाट न टेकता कडेवर उभा राहतो. तुमच्या पुढच्या टायरची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जास्त झिजली असेल, तर त्याची साक्ष तुमच्या घरीच उभी आहे. उतरून हात फिरवून पाहा.

म्हणून कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: यामुळे पुढच्या बाहेरच्या टायरचं काम हलकं होईल का?

आधी मोजा

मोजल्याशिवाय बदल केला की दोन दिवस गाडी नवी वाटते आणि नंतर काहीच कळेनासं होतं. मोजण्याची एक सोपी पद्धत आहे. परवानगी असलेलं, भोवती भिंत, खांब, झाड किंवा माणूस नसलेलं डांबरी किंवा काँक्रीटचं मोकळं मैदान शोधा. मध्यभागी एक खूण करून १५ मीटरच्या दोरीने खडूचं वर्तुळ काढा. बाहेर सगळीकडून किमान तेवढीच मोकळी जागा हवी. दुसऱ्या गिअरमध्ये वर्तुळावरून फिरा आणि वेग अगदी थोडा थोडा वाढवत न्या. नाक रेघ सोडायला लागेल तिथे थोडं मागे या आणि तो वेग धरून एक पूर्ण फेरी किती सेकंदांत होते ते शेजारी बसलेल्याला मोजायला सांगा. दोन्ही दिशांना तीन-तीन फेऱ्या घ्या आणि सरासरी काढा.

या वर्तुळासाठी हिशेब फार सोपा पडतो: ६० ला सेकंदांच्या वर्गाने भागायचं. फेरीला १० सेकंद लागले तर ६० ÷ १०० म्हणजे ०.६ जी, अर्थात गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट जोर. ९.७ सेकंद लागले तर सुमारे ०.६४. वेग ताशी ३०-३५ किलोमीटरच्या आसपासच राहतो, त्यामुळे चूक झाली तरी गाडी फार लांब जात नाही. ही चाचणी घाटात किंवा रहदारीच्या रस्त्यावर करायची नाही, पहाटे रस्ता रिकामा असला तरीही नाही. समोरून येणारा दूधवाला वळणाआडून दिसत नसतो.

वेळेबरोबर टायरमधली हवा, गाडीत किती माणसं होती, टाकीत किती पेट्रोल होतं, हवामान आणि टायरच्या झिजेची स्थिती हेही वहीत लिहा. पुढच्या प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी करायची, आणि एका वेळी एकच बदल.

झिजलेलं आधी बदला

सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला जाड बार लावणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं. गाडी कोरी असताना जशी वळत होती, तशी आधी वळली पाहिजे.

गाडी जॅकने उचला, जॅक स्टँडवर टेकवा आणि मगच हात खाली घाला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. मग एकेक भाग तपासा.

चाक वरून आणि खालून, बाराच्या आणि सहाच्या जागी धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंगवर संशय. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर जाणवली तर टाय रॉड एंड. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा हात. त्याचा मागचा बुश (सांध्यातला रबरी तुकडा) नीट पाहा. पहारीने हलकेच रेटल्यावर रबरात चीर उघडते का? हा बुश गेला की ब्रेक मारताना आणि वळताना चाक मागे-पुढे सरकतं, मग तुम्ही अलाइनमेंट कितीही अचूक करा, चालत्या गाडीत ते तसं राहत नाही. स्टॅबिलायझर लिंक रॉड, म्हणजे बारला स्ट्रटशी जोडणारी छोटी दांडी, खराब रस्त्यावर खटखट वाजते, ती बदलणं स्वस्त आहे. स्ट्रटच्या वरचं माउंटिंग बसलं असेल तर जागच्या जागी स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा टणका येतो. मागच्या अ‍ॅक्सल बीमचे, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईचे, मोठे बुश बहुतेक जण विसरतात. ते मऊ पडले की मागचा भाग अर्धा क्षण उशिराने वळतो आणि गाडी जोडलेल्या दोन तुकड्यांसारखी वाटते.

एक गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण ती चांगल्या गॅरेजमध्येही चुकते. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बुश बसवताना त्यांचे बोल्ट चाकं लटकत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. रबरी बुश आवळल्या क्षणी ज्या कोनात असतो, तोच त्याचा आरामाचा कोन होऊन बसतो. लटकत्या चाकांवर आवळला तर गाडी खाली आल्यावर तो कायम पिळलेला राहतो, काही महिन्यांत फाटतो आणि तोवर गाडीही किंचित उंच उभी राहते. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा किंवा रॅम्पवर चढवा, दोन-तीन वेळा दाबून सोडा आणि मग टॉर्क पान्याने कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळा. फिटरला हे काम सुरू होण्याआधीच सांगा. चांगला फिटर यावर कधी रागावत नाही.

टायर

सस्पेन्शनच्या लेखात टायर कशाला, असं वाटेल. पण रस्त्याला टेकतं ते टायरच. बाकी सगळी यंत्रणा त्याला नीट टेकवण्यासाठी आहे.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. झिजेची खूण १.६ मिलिमीटरवर असते, पण कोकणातल्या पावसात गाडी चालवायची तर ३ मिलिमीटरवरच नवे टायर घ्यावेत असं माझं मत आहे.

आकार बदलायचा असेल तर बाहेरचा व्यास मूळ व्यासाच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवा. उदाहरणार्थ, १८५/६५ आर १५ चा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर भरतो. १९५/६० आर १५ चा ६१५. हा बदल बसतो आणि टायरची बाजू थोडी कमी उंच झाल्याने स्टिअरिंगला उत्तर लवकर मिळतं. मात्र रिमची रुंदी त्या टायरला चालते का ते आधी बघा. याहून पुढे जाऊन सतरा इंची जड रिम लावणं आपल्या रस्त्यांवर तोट्याचं आहे. चाक जड झालं की खड्ड्यातून निघताना शॉकअ‍ॅब्झॉर्बरला ते आवरत नाही, टायर रस्त्यावरून उड्या मारतो, आणि हवेत असलेल्या टायरला पकड शून्य.

हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो, सुरुवात तिथूनच. टायर थंड असताना पुढच्या दोन टायरमध्ये दोन पीएसआय वाढवा आणि खडूची युक्ती करा. टायरच्या बाहेरच्या कडेवर, नक्षीपासून बाजूच्या भिंतीपर्यंत, खडूची रेघ ओढा. वर्तुळात दोन फेऱ्या मारा. खडू नक्षीच्या कडेपर्यंतच पुसला गेला तर दाब ठीक. बाजूच्या भिंतीवरूनही पुसला गेला तर टायर मुडपतोय, आणखी एक-दोन पीएसआय हवेत. टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या खालीच राहा.

चारही टायर एकाच जातीचे असणं उत्तम. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे टाका, पुढे नाही. लोकांना हे उलटं वाटतं. पण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि पाय काढला की सावरते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि तेव्हा सावरायला बहुतेकांना वेळ मिळत नाही.

अलाइनमेंट: कमी पैशांत सर्वांत मोठा फरक

माझ्या गाडीत सगळ्या बदलांत जास्त फरक कशाने पडला असं कुणी विचारलं, तर मी पुढच्या चाकांचा कॅम्बर असंच सांगतो.

चाक समोरून पाहताना वरच्या बाजूने आत कललेलं असेल तर कॅम्बर ऋण. सरळ रस्त्यावर चाक किंचित आत कललेलं ठेवलं, तर वळणात गाडी बाहेर झुकते तेव्हा ते नेमकं सपाट येतं. कारखान्यातून कॅम्बर बहुधा शून्याच्या आसपास असतो, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना टायर जास्त टिकलेले हवे असतात. रोजच्या वापराच्या गाडीला पुढे उणे १ ते उणे १.५ अंश पुरेसा होतो. त्यापुढे गेलात तर सरळ रस्त्यावर आतली कड झिजते आणि ब्रेक मारताना टायर पूर्ण टेकत नाही.

ज्या गाड्यांत स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) दोन बोल्टांनी जोडलेले असतात, त्यांत वरच्या बोल्टाच्या जागी कॅम ठेवलेला खास बोल्ट बसवता येतो. त्याला कॅम्बर बोल्ट म्हणतात. तो साधारण एक ते दीड अंश देतो. काही गाड्यांत स्ट्रट नकलच्या कड्यात उतरतो, तिथे ही सोय नाही, वरचं माउंटिंगच बदलावं लागतं. कॅम्बर बोल्ट मूळ बोल्टापेक्षा बारीक असतो, म्हणून नामांकित कंपनीचाच घ्या, त्याच्याबरोबर आलेल्या कागदावरच्या टॉर्कनेच आवळा, आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच बसवा.

कॅम्बर बदलला की टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते माप, आपोआप बिघडतो, तेव्हा टो नेहमी शेवटी. पुढे शून्य टो ठेवा. दोन्ही चाकं मिळून एक मिलिमीटर बाहेरच्या बाजूला ठेवली तर गाडी वळणात चटकन शिरते, पण एक्स्प्रेसवेवर सारखं स्टिअरिंग सांभाळत बसावं लागतं. मी शून्यावर समाधानी आहे. मागच्या बीमच्या गाड्यांत मागचे कोन सहसा जुळवताच येत नाहीत, पण मोजून मात्र घ्या. दोन चाकांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली तर बीम वाकलेला असण्याची शक्यता आहे.

अलाइनमेंटला जाताना टाकी अर्धी भरलेली असू द्या, डिकी रिकामी करा आणि हवा आधीच बरोबर करून जा. यंत्राच्या पडद्यावर "हिरव्यात आलं" एवढं ऐकून निघू नका, छापील आकडे हातात घ्या. गाडीला ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सर पुन्हा शून्यावर आणून घ्या. आणि वर्तुळात परत जा. बऱ्याच जणांचं समाधान इथेच होईल. तसं झालं तर इथे थांबा, बाकीचे पैसे पेट्रोलला ठेवा.

शॉकअ‍ॅब्झॉर्बर

गाडी किती झुकणार हे स्प्रिंग आणि बार ठरवतात. ती किती वेगाने झुकणार आणि झुकल्यावर डोलणार की स्थिरावणार, हे शॉकअ‍ॅब्झॉर्बर ठरवतो. एकामागून एक येणाऱ्या उलटसुलट वळणांत, एका बाजूचा झोल संपायच्या आत गाडी दुसरीकडे न्यायची असते तेव्हा याची किंमत कळते.

दांड्याभोवती तेल दिसलं, टायरच्या नक्षीत ठिकठिकाणी खळगे पडले, किंवा पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर गाडी दोन-तीनदा डोलली, तर शॉकअ‍ॅब्झॉर्बर संपले. कोपरा दाबून सोडायची जुनी चाचणी फक्त पार मेलेला शॉकअ‍ॅब्झॉर्बर पकडते, अर्धमेला नाही. बदलायचे तर जोडीने, आणि जमलं तर चारही.

मूळ स्प्रिंग ठेवणार असाल तर मूळ लांबीचे पण किंचित कडक, गॅस भरलेले शॉकअ‍ॅब्झॉर्बर घ्या. गाडी खाली घेणार असाल तर आखूड दांड्याचे लागतात. हा फरक मोठ्या कंपन्यांच्या यादीतही दिसतो: बिलस्टाइनचे बी ६ मूळ उंचीसाठी आणि बी ८ खाली घेतलेल्या गाडीसाठी. आपल्या मॉडेलसाठी काय मिळतं ते भागाच्या क्रमांकावरून तपासा, "हेही बसतं" यावर विश्वास ठेवू नका.

पुढचा स्ट्रट काढायचा क्रम असा. चाकाचे नट जमिनीवरच सैल करा, गाडी स्टँडवर घ्या, चाक काढा. स्ट्रटला अडकवलेली ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर सोडवा, नळीवर कधीही भार येऊ देऊ नका. लिंक रॉड सोडा. नकलच्या बोल्टांभोवती रंगाने खूण करा, म्हणजे परत बसवताना कॅम्बर जवळपास जुन्या जागी येईल. नकल तारेने बांधून ठेवा, नाहीतर ती बाहेर लोंबकळते आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निसटतो. मग खालचे बोल्ट, शेवटी वरचे नट. वरचा मधला मोठा नट गाडीवर असताना सोडू नका, त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग असते.

ती स्प्रिंग दाबणं हे या सगळ्यातलं सर्वांत धोक्याचं काम. हलक्या कॉम्प्रेसरचा आकडा निसटला तर स्प्रिंग हाड मोडण्याइतक्या जोरात सुटते. घरी सगळं करणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे की स्ट्रट काढून गॅरेजमध्ये न्या आणि भिंतीवर बसवलेल्या प्रेसवर हे काम करून घ्या. वरचं माउंटिंग, बेअरिंग, बम्पस्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दाबलं की टेकतो तो रबरी ठोकळा) आणि धुळीचं रबर त्याच वेळी नवं घाला, म्हणजे तेच काम दोनदा करावं लागणार नाही. लॉकनटही नवेच.

मागचा बार, आणि त्याचा धोका

आता वाटणीकडे वळू. मागची बाजू कलण्याला जास्त विरोध करायला लागली की सरकणाऱ्या वजनातला मोठा वाटा मागची जोडी उचलते. पुढच्या दोन टायरवरचं वजन अधिक समसमान राहतं आणि नाक आत येतं. म्हणूनच चांगली जुळवलेली फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी जोरात वळताना मागचं आतलं चाक हवेत उचलते. पहिल्या पिढीच्या गोल्फ जीटीआयचे असे फोटो पुष्कळ आहेत. पुढची चाकं ओढतात म्हणून गाडी वळणात मंदच असणार, हा समज तर त्याही आधी मिनीने मोडला होता. १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीन वर्षं तिने माँटे कार्लो रॅली जिंकली.

ट्विस्ट बीमच्या, म्हणजे मागे वर सांगितलेला बीम असलेल्या, गाडीत हा बार बीमला बोल्टने जोडला जातो. दोन्ही टोकं शॉकअ‍ॅब्झॉर्बरच्या खालच्या जागेजवळ किंवा बीमच्या हातांवर क्लॅम्पने बसतात. बीमला भोक पाडावं लागणारा किंवा वेल्डिंग मागणारा बार घेऊ नका. बीम पिळला जातो, तोच त्याचा कामाचा भाग आहे, आणि वेल्डिंगच्या कडेला तडा सुरू होतो. बसवल्यावर ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल आणि सायलेन्सर यांना चाक पूर्ण वर-खाली होताना बार लागत नाही ना, ते पाहा. जुळवता येणारा, म्हणजे टोकाला कडकपणा बदलायची भोकं असलेला, बार असेल तर सर्वांत मऊ भोकापासून सुरुवात करा.

धोका हा की आता वळणाच्या मध्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला तर वजन पुढे येतं, मागचे टायर हलके होतात आणि शेपूट बाहेर निघू शकतं. कोरड्या रस्त्यावर हेच वागणं गाडीला चपळ करतं. जुलैतल्या ताम्हिणीत, शेवाळ धरलेल्या डांबरावर, ते अंगावर येतं. मागचे टायर झिजलेले असताना हा बार लावायचा नाही. गाडीला ईएसपी नसेल आणि घरातले इतरही ती चालवत असतील, तर मी बार न लावण्याच्या बाजूचा आहे.

पुढे जाड बार लावण्याबद्दल नेहमी विचारणा होते. हिशेबाने त्यामुळे अंडरस्टिअर वाढायला हवं. पण गाडी फारच झुकत असेल तर पुढचा बार तो झोल रोखून टायर सपाट ठेवतो आणि कधीकधी फायदाही होतो. कॅम्बर आधीच जुळवला असेल तर याची गरज सहसा पडत नाही.

स्प्रिंग सर्वांत शेवटी

सुरुवातीला सांगितलेली माझी चूक इथे उलगडते. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये लोअर आर्म समोरून पाहा. मूळ उंचीवर त्याचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं खाली असतं. गाडी थोडी खाली घेतली की आर्म आडवा होतो. फार खाली घेतली की बाहेरचं टोक वर जातं. मग स्प्रिंग दाबली जाताना कॅम्बर हवा त्याच्या उलट दिशेला जातो. त्यातच गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतो, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांब होते. स्प्रिंग त्या मानाने कडक नसेल तर खाली घेतलेली गाडी पूर्वीइतकीच झुकते, आणि टायर पूर्वीपेक्षा वाईट टेकतो. माझी गाडी नेमकी तशी झाली होती. शिवाय मूळ लांबीच्या शॉकअ‍ॅब्झॉर्बरवर आखूड स्प्रिंग बसवल्याने गाडी वळणातल्या खड्ड्यात थेट बम्पस्टॉपवर जाऊन बसायची. त्या क्षणी पुढचा भाग दगडासारखा कडक होतो आणि नाक सुटतं.

म्हणून २० ते २५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका, आर्म आडवा होईल तिथे थांबा, आणि स्प्रिंगबरोबर तिला साजेसे शॉकअ‍ॅब्झॉर्बर घ्या. संच घेताना मागची स्प्रिंग पुढच्या मानाने किती कडक केली आहे ते विचारा. फक्त पुढचा कडकपणा वाढवलेला संच नाक बाहेरच नेणार. स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी खाली घेणं तर करूच नका. कापलेली स्प्रिंग बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लटकलं की जागा सोडते. उंची बदलता येणारे कॉइलओव्हर छान असतात, पण कमी किमतीच्या संचात उंचीच बदलते, शॉकअ‍ॅब्झॉर्बर साधाच असतो. आणि जमिनीपासून मूळची १६५-१७० मिलिमीटर उंची असलेली गाडी चार माणसं बसवून आपल्या गावच्या स्पीडब्रेकरवरून जायची आहे, हेही मोजून ठेवा.

स्ट्रट बार, म्हणजे बॉनेटखाली दोन टॉवर जोडणारी दांडी, आजच्या ताठ बांधणीच्या गाड्यांत फारसा फरक करत नाही. तिचे पैसे टायरमध्ये घाला.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. झिजलेले बुश, मूळ मापाचे टायर, अलाइनमेंट, मूळ उंचीचे शॉकअ‍ॅब्झॉर्बर ही देखभाल आहे. उंची, टायरचा आकार किंवा बार बदलण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर जपून ठेवा. वॉरंटीतल्या गाडीला तर हात लावण्याआधीच विचारा.

नंतरची तपासणी

काम झाल्यावर पहिले ५०० किलोमीटर सांभाळून चालवा. नव्या स्प्रिंगा काही मिलिमीटर बसतात, बुश जागा धरतात. मग गाडी पुन्हा उचला, कॅम्बर बोल्ट, नकलचे बोल्ट, बारचे क्लॅम्प आणि लिंक रॉडचे नट टॉर्क पान्याने तपासा. टायरच्या आतल्या भिंतीवर आणि मडगार्डच्या प्लास्टिकवर घासल्याच्या खुणा शोधा. अलाइनमेंट परत करून घ्या, कारण उंची दोन मिलिमीटर बदलली तरी टो हलतो. त्यानंतर दर महिन्याला पुढच्या दोन टायरच्या तिन्ही पट्ट्यांवर, आत, मध्ये आणि बाहेर, नक्षीची खोली मोजून वहीत लिहा. आतली कड लवकर जात असेल तर कॅम्बर पाव अंश कमी करा, बाहेरची जात असेल तर पाव अंश वाढवा. जूनच्या पहिल्या पावसाआधी मागच्या बारचं भोक एक पायरी मऊ करा, आणि ऑक्टोबरात रस्ते वाळले की पुन्हा कडक.